दुसरी तपासणी

९ ऑक्टोबर

चिरंजीवास,

आशीर्वाद. सवयीने लिहिला, फार मनावर घेऊ नकोस.

इकडे ठीक. लाँड्रीत नवा ड्रायर बसवला, जुन्यापेक्षा दुप्पट ओरडतो. तुझ्या आईचा गुडघा रोज नवी तक्रार काढतो. बाळ दुधाला हावरं आहे, त्या बाबतीत आपल्यावर गेलं.

तुझं पत्र मिळालं. व्याह्यांना काय सांगायचं तेही तू लिहून पाठवलंस: सूनबाईला दात काढताना सुईतून एचआयव्ही झाला असेल. वा! मी लोकांच्या चादरींवरचे नाही नाही ते डाग काढले, कधी नाक मुरडलं नाही. तुझं पत्र वाचून मात्र हात धुतले. साबण लावून.

आठव्या महिन्यात तिला पुन्हा तपासणीला मी का नेलं, असं विचारतोस. पहिली तपासणी चांगली आली होती, आणि तू 'पुन्हा कशाला टोचायचं बिचारीला' म्हणत होतास. केवढी माया! त्या दुपारी तू ड्रायरमागे उभा राहून मित्राशी फोनवर बोलत होतास. मशीनच्या घरघरीत गिऱ्हाईक काय पुटपुटतं ते ऐकत मी हा धंदा उभा केला, हे विसरलास.

"मला झालाय हे वर्षापासून माहीत आहे रे. ही दुसरी तपासणी टळली की सुटलो."

सुटलो! पोटातल्या बाळाचं नावही तुझ्या तोंडी आलं नाही. कोणाची तरी ओली चादर हातात घेऊन मी तसाच उभा.

दवाखान्याच्या बाकावर तिला सांगताना माझीच जीभ अडखळली. तिने बाही वर सरकवली. मग म्हणाली, "बाबा, रडायला नंतर वेळ आहे. आधी रक्त देते."

निदान झालं त्याच दिवशी तिच्या गोळ्या सुरू झाल्या. बाळाला जन्मल्याबरोबर औषधाचे थेंब दिले. बाळाच्या पहिल्या तपासणीत काही निघालं नाही, पुढच्या बाकी आहेत. गोळी न चुकवता अंगावर पाज, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलंय.

आणि तू लिहितोस, बाळ ठीक आहे ना, मग झालं गेलं सोडा. बाळ ठीक आहे ते तुझ्या मनासारखं झालं नाही म्हणून.

आजाराची मला घाण वाटत नाही. तो तिलाही आहे, तिच्या हातचा चहा मी रोज पितो. किळस आली ती तुझ्या त्या 'सुटलो'ची. तूही गोळ्या घे. त्या चांगल्या माणसांसाठीच असतात असं काही नाही.

व्याही रविवारी आले होते. सूनबाईला विचारून मी त्यांना तुझं फोनवरचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. तुझी आई मध्ये बोलू लागली, तिलाही बसून ऐकायला लावलं. व्याही लेकीला घरी चल म्हणाले. ती म्हणाली, माझं घर हेच.

तेव्हा तुझी खोली आता तिची नि बाळाची. तू ये म्हणून मी लिहिणार नाही. वाटलं तर ती लिहील.

कळावं. कळलं नाही तर पुन्हा वाच.

बाळाचे आजोबा