शेळीची कॅसेट

ता. १२ फेब्रुवारी, दुपार

आगाऊबाईस आजीचा आशीर्वाद,

मी बरी आहे. गुडघे आपापल्या मर्जीने चालतात, मी त्यांच्या मागून. अक्षराला हसू नकोस, चौथीत शाळा सुटली माझी.

तुझ्या बापाची डबडी वाढलीच आहेत. ते नुसत्या कीबोर्डच्या आकाराचे जुने कम्प्युटर आता माझ्या पलंगाखालीही शिरलेत. रविवारी त्याची मंडळी येतात. टकलू, चष्मिस, तो रेडिओ दुरुस्त करणारा. सगळी पन्नाशीची घोडी. खेळ कम्प्युटरात भरताना कॅसेट किंचाळायला लागली की देवळात बसल्यासारखी गप्प होतात. मग टीव्हीवर चार ठिपके उड्या मारतात नि ह्यांचे डोळे भरून येतात.

परवाच्या रविवारी त्यांना तुमची शेळी बघायची होती. तू शाळेत असताना तू नि तुझ्या बापाने केलेला तो खेळ. दोरीवरचे कपडे खाणारी शेळी, आणि तू गुणगुणलेलं तिचं गाणं. एकच कॅसेट. टकलू म्हणाला, नव्या कम्प्युटरात उतरवून ठेवू, म्हणजे कायमची राहील.

तुला माहीत आहे, कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा दात मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. तुझा बाप सगळ्यांचे दात मोडून ठेवायचा. पण पावसाळ्यापासून त्याने त्या भोकांवर चिकटपट्टी लावायला घेतली. आत धूळ जाते म्हणाला. पट्ट्या मीच कापून दिल्या. पट्टी लावली की पुन्हा वर भरता येतं, हे मला काय माहीत?

रविवारी त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बटणं दाबली. किंचाळणं नाही, काही नाही. चष्मिस म्हणाला, दादा, रेकॉर्डचं लाल बटण दाबलंत का? हा त्याच्यावरच खेकसला, लोड होतंय, गप्प बसा. त्यांनी थांबवेपर्यंत सुरुवात पुसली होती. सुरुवात गेली की पुढचं असून नसल्यासारखं, असं ते म्हणतात.

तो माझ्याकडे वळला. शांतपणे म्हणाला, "आई, पोरगी शाळेतून आली का? दुसरी कॅसेट तिच्या दप्तरात आहे."

सगळे आपापल्या कपात बघत बसले. मी म्हटलं, येईल.

दर फोनला मी तुला तो कामात आहे म्हणून सांगते. तो कामात नाही गं. तोंडाशी आलेला शब्द शोधत असतो. डॉक्टरने डोक्याचे फोटो काढले. म्हणाला, गोळ्यांनी थोडं हळू होईल, मागे फिरणार नाही. मी विचारलं, माझं वय झालंय, मी का विसरत नाही? त्याने गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली.

तुला माणसांपेक्षा डबडी प्यारी, असं बापाच्या तोंडावर म्हणून तू गेलीस. चूक म्हणत नाही. त्याला ते भांडण आठवत नाही. एवढंच काय ते बरं झालं, आणि ते तुझ्या काही कामाचं नाही.

तू ये. तो दप्तरवालीची वाट बघतो, तुला ओळखेल असं मी सांगत नाही. नाही ओळखलं तर मुलगी आहे म्हणून पटवत बसू नकोस, तो ओशाळतो नि मग जेवत नाही. कुठलंतरी बंद पडलेलं डबडं मिळव आणि काखेत मारून ये. मशीन घेऊन आलेल्याला तो अजून जवळ बसवतो, नाव विचारत नाही.

अजून त्याच्या ओळखीतली,
तुझी आजी