सखाबाईंच्या पायऱ्यांना अठ्ठेचाळीस जागा मिळण्याबाबत

प्रति,
मा. संगणक प्रणाली अधिकारी,
संकेतस्थळ कक्ष,
वैनतीर मत्स्यव्यवसाय सहकारी महासंघ,
भंडारा

विषय : आमच्या संस्थेच्या चोवीस सबडोमेनपैकी सर्वांत लहान सबडोमेन कायम ठेवून सर्वांत मोठे, म्हणजे अर्जदाराचे स्वतःचे, प्रथम रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र जा.क्र. संकेत/११७, दि. ९ सप्टेंबर २०२२.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज सादर करतो की, मी धनीराम भैय्यालाल दिघोरे, रा. कारधा, वैनाई मच्छिमार सहकारी संस्थेचा सचिव असून गेल्या तीन वर्षांपासून संस्थेच्या संकेतस्थळाचा मानद प्रमुखही आहे. संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला गावातील सभासद मी एकटाच असल्याने हे पद बिनविरोध मिळाले. त्यानंतर जे घडले त्यालाही दुसरा कोणी जबाबदार नाही.

१. आपल्या संदर्भीय पत्रात असे नमूद आहे की, नव्या नियमानुसार प्रत्येक संस्थेस दहाच सबडोमेन मिळतील; आमची चोवीस आहेत; सबब वापरात नसलेली चौदा दि. २० सप्टेंबरपर्यंत काढावीत, अन्यथा संपूर्ण खाते बंद होईल. सोबतच्या यादीत आपण सबडोमेन आकारानुसार लावली असून 'निष्क्रिय' या शीर्षाखाली पहिलेच नाव सखाबाई शेंडे यांचे आहे (चार केबी, मजकूर एक ओळ). शेवटचे, म्हणजे सर्वांत कार्यक्षम, नाव माझे आहे (तीनशे दहा एमबी). त्यात माझ्या सत्कारांची एकसष्ट छायाचित्रे आहेत. शाल सगळीकडे एकच आहे, हे मी येथेच मान्य करून टाकतो.

२. चोवीस सबडोमेन कशी झाली, याचा खुलासा करणे मला भाग आहे. आमच्यात तलावावर जाळे ओढले की मासळीचे वाटे पळसाच्या पानांवर घरटी समान पडतात. कोणी जाळ्याला हात लावो न लावो, घर आहे म्हणजे वाटा आहे. सखाबाईंच्या घरी पुरुष माणूस उरला नाही, तरी त्यांचे पान कोणी कधी उचलले नाही. महासंघाने मला कंट्रोल पॅनलचा पासवर्ड दिला तेव्हा माझ्या डोक्यात तेच पान होते. चोवीस घरे म्हणून चोवीस सबडोमेन केली, संकेतस्थळावर घरटी एक पान. पुढे पॅनलमध्ये 'एकाच वेळी किती जणांनी पाहावे' अशी चौकट दिसली. आपण आमच्या खात्यास एकूण अठ्ठेचाळीस जागा दिलेल्या. अठ्ठेचाळीसला चोविसाने भागले, दोन आले. प्रत्येक घरास दोन जागा टाकून मी सभेत जाहीर केले आणि टाळ्या घेतल्या. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा महासंघाच्या खुर्च्याही इतक्या चोख वाटल्या गेल्या नव्हत्या, असे मी भाषणात म्हणालो. मासळी वाटता येते म्हणून सगळेच वाटता येते असे नाही, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी ऐकले नसते.

३. सखाबाईंजवळ मोबाईल नाही. सबडोमेनचे सांगायला गेलो तर म्हणाल्या, "मले कायले पायजे ते? देतोसच त माह्या पायऱ्या लिहून ठेव." या पायऱ्यांविषयी थोडे सांगतो. आमच्या घाटाला अठरा पायऱ्या आहेत. सखाबाई चाळीस वर्षांपासून रोज पहाटे तेथे बसून पाण्याखाली किती गेल्या ते सांगतात. नऊ बुडाल्या की डोंगे, म्हणजे आमच्या लहान होड्या, वर ओढायचे आणि नदीत कोणी उतरायचे नाही, हा आमचा कायदा. पूर्वी संस्थेचे शिपाई कवडू हा आकडा घेऊन सायकलने खालच्या टोलीवर, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाच्या वस्तीवर, जात. संकेतस्थळ झाल्यावर सखाबाईंची सून रंजू तो आकडा पानावर टाकू लागली. मग सायकलची गरज काय, असा प्रश्न मला पडला व मी कवडूंची फेरी बंद केली. ठरावात 'आधुनिकीकरण' हा शब्द माझाच.

४. दि. २७ ऑगस्ट रोजी सकाळी रंजूने 'अकरा' टाकले. खालच्या टोलीवरील बाबुलाल मेश्राम यांनी साडेसहाला पान उघडले तर 'मर्यादा पूर्ण, नंतर प्रयत्न करा' असे आले. त्यांनी दोनदा, तीनदा पाहिले. सखाबाई काही बोलली नाही म्हणजे पाणी चढले नाही, असा टोलीवरचा जुना हिशेब. त्या भरवशावर ते डोंगा घेऊन जाळी काढायला उतरले. डोंगा उलटला तो आजतागायत सापडलेला नाही. बाबुलाल सात वाजल्यापासून दुपारी एकपर्यंत सादडीच्या झाडाला धरून होते. कवडू स्वतःच्या कामाने तिकडून सायकलवर जात होते, त्यांना आरोळी ऐकू आली. दोर टाकून चौघांनी ओढले. महोदय, माणूस वाचला. त्यात माझा, संकेतस्थळाचा किंवा आधुनिकीकरणाचा काडीचाही वाटा नाही.

५. त्या दिवशी मी फार संतापलो. संकेतस्थळावर कोणीतरी हल्ला केला, अशी माझी पक्की खात्री झाली. सायबर पोलिसांसाठी सव्वादोन पानी तक्रार लिहिली. तीत 'देशविघातक' हा शब्द दोनदा आणि 'अज्ञात समाजकंटक' तीनदा आला. पुराव्यासाठी पॅनलमधील भेटींची नोंद काढली. पहाटे पाचपासून सखाबाईंच्या पानाच्या दोन्ही जागा एकाच पत्त्यावरून अडवलेल्या होत्या. दर मिनिटाला पान पुन्हा उघडले जात होते, जराही दम न घेता. मी म्हटले, सापडला हरामखोर! पत्ता शोधला. तो माझ्या घराचा निघाला.

६. झाले असे की, पानाखाली भेट देणाऱ्यांचा आकडा दिसतो. तो वाढलेला पाहणे मला आवडते. म्हणून ओसरीतल्या संगणकावर एक आणि उशाच्या मोबाईलवर एक, असे ते पान मी सवड मिळेल तेव्हा उघडे ठेवीत असे आणि दर मिनिटाला आपोआप ताजे होईल अशी सोय करून ठेवली होती. गेल्या वार्षिक सभेत 'आपल्या पायऱ्या अकरा हजार लोकांनी पाहिल्या' असे मी सांगितले व त्याबद्दल महासंघाची शाल घेतली (छायाचित्र क्र. ४३ ते ५२). ते अकरा हजार लोक बहुतांशी मीच होतो. बायको एवढेच म्हणाली, "तुमच्यापेक्षा त कवडूभाऊची सायकल बरी होती. ते एका वेळी एकच जागा अडवे." तक्रार मी चुलीत घातली. बाबुलाल भेटले की रोज हसून विचारतात, "काय सचिव, पायऱ्या किती?" ते हसतात, हेच मला सोसत नाही. रागावले असते तर मी समजावून तरी सांगितले असते.

७. सखाबाईंकडे गेलो, कबुली दिली. त्या घाटावरच होत्या. ऐकून म्हणाल्या, "माह्या पायऱ्या त अथीच हायेत, धनीराम. तूच येनं सोडलास."

८. सबब विनंती की, आपल्या यादीतील क्रम उलटा धरावा. आकार मोठा तो कामाचा, हा निकष लावल्यास या संस्थेत सर्वांत कामाचा माणूस मी ठरतो, आणि ते खरे नाही हे वरील सात परिच्छेदांवरून आपल्या ध्यानी आलेच असेल. माझे सबडोमेन एकसष्ट छायाचित्रांसह आजच रद्द करावे. उरलेल्या बावीस घरांनी आपापले पान सोडण्यास सही-अंगठ्याने संमती दिली आहे. त्यात बाबुलाल यांची सही पहिली आहे. आम्हास दहा नकोत, एकच पुरे. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जागा सखाबाईंच्या त्या एका ओळीला द्याव्यात. पासवर्ड रंजू शेंडे यांच्या नावे करावा. तो मी पुन्हा मागितल्यास, कितीही नम्रपणे मागितल्यास, देऊ नये. कवडूंची सायकल फेरी काल सकाळपासून पुन्हा सुरू केली आहे. ती आपल्या कक्षाच्या कोणत्याही मर्यादेत येत नसल्याने त्यास मंजुरीची गरज नसावी.

९. मुदतीला सहा दिवस उरले आहेत आणि वरच्या अंगाला पाऊस चालू आहे. खाते बंद झाल्यास खालच्या टोलीच्या नऊ घरांना सायकल पोहोचेपर्यंत काही कळणार नाही. चूक माझी आहे, तिची शिक्षा त्यांना होऊ नये, एवढी कळकळ.

१०. आज सकाळी सात पायऱ्या पाण्याखाली आहेत. हे मी पान उघडून पाहिलेले नाही. घाटावर जाऊन सखाबाईंना विचारून आलो. तेवढीच एक जागा टोलीवाल्यांसाठी मोकळी राहिली.

आपला नम्र, आणि यापुढे रोज पहाटे घाटावर हजर,

(सही)
धनीराम भैय्यालाल दिघोरे
सचिव (मानद संकेतस्थळ प्रमुख हे पद या अर्जाद्वारे सोडले)
मु. कारधा, जि. भंडारा
दि. १४ सप्टेंबर २०२२

सोबत :
१) भेटींची नोंद, अर्जदाराच्या घराचा पत्ता लाल शाईने अधोरेखित.
२) बावीस घरांची संमती.
३) सत्काराची शाल, एक नग. महासंघाकडे परत.