अण्णांना काय आवडायचं

अण्णा, मी मेक्सिकोला जाऊन आले. परतून दोन महिने झाले, तरी तुम्हाला हे सांगायला धजत नव्हते, कारण मी तिथे जे केलं ते तुम्हाला आवडलं नसतं.

तुमची नात, माझी लेक, नोकरीसाठी तिथे असते. तिने फोनवर हट्ट धरला, "आई, इथे नोव्हेंबरात मेलेल्यांचा सण असतो, एकदा बघायला ये." गुडघे दुखत असताना दोन विमानं बदलून गेले. ओआहाका नावाच्या त्या गावात दारोदारी झेंडूचा सडा पडलेला. दादरच्या फूलबाजारात दसऱ्याला असतो तोच झेंडू, पण इथे तो मेलेल्यांना घराची वाट सापडावी म्हणून अंथरलेला. नातीच्या घरमालकीणबाईंनी पुढच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली होती. वर नवऱ्याचा फोटो, खाली त्याची टोपी, बिअरची बाटली, पाव, मीठ, पाण्याचा पेला. माझ्याच वयाच्या बाई त्या. नातीला मध्ये घालून मला म्हणाल्या, "वडलांचा फोटो ठेव की इथे. एवढ्या लांब आलीस, त्यांना का नाही आणलंस?"

मला एकदम काळाचौकीची गॅलरी आठवली. आजी गेली त्या वर्षीची. मी आठ वर्षांची आहे, पितृपक्ष चालू आहे, शेजारच्या मालवणी काकी कठड्यावर पान ठेवून कावळ्यांना हाका मारताहेत. मला वाटलं, आपल्या आजीला कोणीच कसं बोलवत नाही? मी आईच्या डब्यातली भाकरी आणि सुकट ताटलीत घेऊन कठड्यावर ठेवली. तेवढ्यात तुम्ही गिरणीतल्या पहिल्या पाळीवरून आलात, केसांत कापसाचं तूस तसंच. "हे कोणी ठेवलं?" तुम्ही आवाज चढवला नाहीत. "धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आपण शब्द दिलाय, श्राद्धपक्ष करणार नाही म्हणून. मेलेलं माणूस जेवायला येत नाही, बाय. द्यायचं ते असताना द्यायचं." मग तिथेच भिंतीला टेकून बसलात आणि ती भाकरी खायला लागलात. मी रडत ओरडले, "ती आजीची होती!" तुम्ही घास गिळून म्हणालात, "माझी आई होती ती." आणि शेवटचा तुकडा संपवून ताटली विसळायला नळावर गेलात.

म्हणून मी त्या बाईंना दोनदा नाही म्हटलं. पण नात हळूच म्हणाली, "पणजोबा कसे दिसायचे ते मला माझ्या पोरांना दाखवता नाही येणार, म्हणजे माझे आजोबा, त्यांचे पणजोबा..." आणि मग स्वतःच हसली, "बघ, मला नातंसुद्धा नीट सांगता येत नाही." तुमचा एकच फोटो आहे, गिरणीच्या पासावरचा, खांद्यावर अर्धा शिक्का. फोनमधला तो फोटो तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. बाईंनी नवऱ्याला जरा सरकवून तुम्हाला जागा केली. मग सहज विचारलं, "त्यांना काय आवडायचं?"

अण्णा, मला माहीतच नव्हतं. पुढ्यात येईल ते तुम्ही मुकाट खायचात. मी मुंबईला भावाला फोन लावला. "अण्णांना? काय गं... चहा?" "चहा सगळ्यांनाच आवडतो रे." त्याने फोन आईकडे दिला. आईला हल्ली कमी ऐकू येतं, तीनदा विचारावं लागलं. "काय आवडायचं? मी कुठे विचारलं कधी! थांब हां. शेजारच्या काकींनी एकदा काळ्या वाटाण्याचं सांबारं धाडलं होतं. तेवढं मात्र दुसऱ्यांदा मागून घेतलंनी. आणि लाजले." मग हसून म्हणाली, "आणि मला काय आवडतं ते विचारलंय का कोणी?" भाऊ मागे हसला. मला हसता आलं नाही.

काळे वाटाणे तिथे कुठले. पण बाईंच्या चुलीवर काळ्या घेवड्याचं भांडं रटरटत होतं. नातीने फोनवरचं बोलणं सांगितलं तशी त्यांनी आपण होऊन वाटीभर काढून तुमच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीला घेऊन त्यांच्याबरोबर कबरस्तानात गेले. लोक कबरींपाशी सतरंज्या घालून जेवत होते, गात होते. बाई नवऱ्याला चांगल्याच बोलत होत्या, गळक्या छपरावरून असं नातीने सांगितलं, जसा तो समोर बसून मान खाली घालून ऐकतोय. मी शेजारी बसून नुसती ऐकत राहिले.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आईकडे गेले आणि विचारलं. "पापलेट," ती पटकन म्हणाली, जणू पन्नास वर्षं उत्तर तयार होतं. "पण काटे काढून दे, दात कुठेत मला." लालबागच्या बाजारातून आणलं, तळलं, काटे काढून दिले. दोन तुकड्या खाल्ल्या आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं." आता दर रविवारी जाते.

हे पत्र कुठे टाकणार? लिहून कपाटात ठेवते आहे. एक गोष्ट मात्र आईलाही सांगितली नाही, नातीलाही नाही. निघायच्या सकाळी बॅग दारात होती, टॅक्सी आली होती. तुमचा फोटो उचलायला मी आत गेले आणि उचललाच नाही. तिथेच राहू दिला, बाईंच्या नवऱ्याशेजारी. आणि खोलीत कोणी नाही असं बघून, तुमचा शब्द ठाऊक असूनही, फोटोला म्हणाले, "अण्णा, येते हां."