भिंतीवरची बाई, भाग तिसरा

प्रिय आई,

तुझा फोन चार महिन्यांपासून बंद आहे, म्हणून हे पत्र बाबांच्या हाती पारशिवनीला पाठवतो आहे. रविवारी तुझ्या बीपीच्या गोळ्यांसोबत ते देतील. त्यांनी वाचलेलं नाही. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

मामा सांगत होते, तू त्यांच्या घरातही तोंडावर पदर ओढून बसतेस, भिंतीकडे तोंड करून जेवतेस. ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे सगळं एका फोटोपायी. बाबांच्या पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला तो फोटो. फोटोवाला 'हलू नका' म्हणाला आणि तू डोळे वटारून बसलीस. माझ्या पहिल्या सिनेमात भिंतीवर मेलेल्या बाईचा फोटो हवा होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, एवढं मला कळत होतं. तूच हसलीस, "घाल नं बाप्पा हार, मी का मरून राहिली?" वाटलं, कॉलनीतली चार माणसं पाहतील. 'भिंतीवरची बाई' अख्ख्या विदर्भात चालला.

दुसऱ्या भागातही तेच. नवे भाडेकरू, हारातल्या बाईचे हलणारे डोळे, तीन मुडदे, शेवटी मांत्रिक अंगणात फोटो जाळतो आणि टाळ्या. लोकांना तेच हवं होतं, आणि खरं सांगतो, मलाही. तोवर कोराडीच्या बाजारात बाया तुला पाहून लेकरांचे डोळे झाकू लागल्या होत्या, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं होतं. मी म्हणायचो, लोक विसरतात. मग तुझ्या लेकीच्या, श्वेताच्या डोहाळजेवणाला तू मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन काटोलच्या बसमध्ये बसलीस, आणि वाटेत तिच्या सासूचा फोन आला: "पोटुशीनं तो चेहरा पाहू नाही, तुम्ही नका येऊ." तू कळमेश्वरला उतरलीस. घरी येऊन अल्बममधल्या प्रत्येक फोटोतून स्वतःचा चेहरा कात्रीनं कापलास.

म्हणून तिसरा भाग मी उलटा केला. यात भूतच नाही. नवी भाडेकरीण फोटो पुसते, त्याच्याशी सुखदुःखाचं बोलते, आणि एका दुपारी दार वाजतं. फोटोतली बाई थैली घेऊन उभी. म्हणते, "माहा फोटो घ्याले आली." ती कधी मेलीच नव्हती, लोकांनीच हार घातला होता. कोणी मरत नाही, काही जळत नाही. तुला लोकांनी जिवंत पाहावं, एवढ्यासाठी केला गं.

नागपुरात सदर भागात ओळखीच्यांना दाखवला, तर अर्ध्यातून लोक उठले. निर्माते महादेवराव म्हणाले, "भूतच नाही त मंग काहाची पिक्चर गा? फोटो जाळ शेवटी." मी हात जोडले, पाया पडलो. शेवटी त्यांनी दुसऱ्याकडून फोटो जाळण्याचा शॉट चित्रित करून घेतला. पुढच्या शुक्रवारी सिनेमा लागतोय आणि तू पुन्हा गावोगाव जळणार. श्वेताचे दिवस भरत आलेत. आई जवळ हवी म्हणून रोज रडते, आणि तिची सासू म्हणते, "आता त नवी पिक्चर येऊन राहिली, बिलकुल नाही." आई, हा एक सिनेमा लागला की तुझ्या नातवंडाला तू कधी मांडीवर घेणार नाहीस.

वकिलाला भेटलो. महादेवरावांकडे फोटोतल्या बाईच्या परवानगीचा कागद आहे. तो खोटा ठरला तरच सिनेमा थांबेल. दुसऱ्या भागाच्या वेळी मी विचारलं तेव्हा तू "आता पुरे" म्हणाली होतीस. तरी फोटो पडद्यावर आला, तू महादेवरावांना शिव्या घातल्यास आणि मीही तुझ्या सुरात सूर मिसळला. आई, तो कागद मीच त्यांना नेऊन दिला होता. त्यावर 'जयवंता वामन कडू' अशी तुझ्या वळणाची सही मी केली, पुढच्या सगळ्या भागांसाठी. आता मी एकट्यानं सांगून भागत नाही. सिनेमा अडवायला मी खोटं बोलतोय, असं पोलीस म्हणतात. तुझं नाव आहे, तर तुलाच यावं लागेल. सोमवारी बाबांसोबत नागपूरला ये. पोलिसांना सांग, ही सही माझी नाही. मग कोणाची, असं ते विचारतील. तेव्हा कचरू नकोस, माझं नाव सांग.

तुझाच,
अमोल