चारही चाकं ओढणारी गाडी

बा,

तुझा उजवा खांदा आता कसा आहे? थंडीत तो वर उचलला जात नव्हता, म्हणून तू डाव्या हातानं वल्हं मारायचास. तिकडे थंडी किती पडते हे कोणी परत येऊन सांगत नाही. मायच्या डोळ्यांत अजून पाणी येतं का? चुलीपाशी बसत असेल तर येतच असेल. धाकट्या बहिणीचं पोट बरं झालं ना? ती गेली तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती, तिकडे वाढली की तेवढीच राहिली, ते लिही. आणि तुझी सून दोन वर्षांपूर्वी तिकडे आली आहे. तू तिला पाहिलं नव्हतंस, म्हणून ओळख सांगतो. ठेंगणी, सावळी, बोलायला लागली की थांबत नाही, उठताना डाव्या गुडघ्यावर हात ठेवते. त्या गुडघ्याला मोहाच्या बियांचं तेल लागतं, कोमट करून. ती मागणार नाही, तुम्हीच विचारा. मी बरा आहे. साखर थोडी आहे, दातही थोडेच आहेत, पण भात चावायला किती दात लागतात?

लिहायचं कारण असं, की घरात गाडी घ्यायची आहे आणि कोणती ते सांगायचं माझ्यावर आलं. तुझा नातू पुण्याला एका कंपनीत आहे. त्याची आई गेल्यापासून तो महिन्यातून एकदा मला पाहायला येतो. धरण झाल्यावर सगळं गाव नव्या गावठाणात गेलं, आपले दोन एकर तेवढे पाण्याच्या वर राहिले, आणि मी तिथंच खोली बांधून राहतो. तुझी नदी आता माझ्या भाताच्या बांध्यांच्या धुऱ्यापर्यंत, अगदी शेताच्या कडेपर्यंत आली आहे. पोरगा पहाटे पुण्याहून निघतो तो संध्याकाळी गावठाणात पोचतो. जुनी छोटी गाडी तिथं ठेवतो आणि शेवटचे तीन किलोमीटर धुऱ्याधुऱ्यानं चालत येतो. पावसाळ्यात तेही जमत नाही. म्हणून आखाडीपासून दसऱ्यापर्यंत तो येत नाही आणि मी कॅलेंडरकडे पाहत नाही.

आता त्याला अशी गाडी हवी आहे, की पुण्यात टाकी भरली तर हायवेवर तेलासाठी कुठंही थांबायचं काम नाही, आणि हायवे सोडल्यावर चिखलातूनही माझ्या दारात येऊन उभी राहील. अशा गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात. दिसायला जीप, बसायला कार. दोन गाड्यांवर त्याचं मन आलं. एक पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालते, तिचा पल्ला फार लांब, पण पुढचीच दोन चाकं ओढते. दुसरी चारही चाकांनी ओढते. तिचा पल्ला जरा कमी, तरी पुणे ते घर एका टाकीत होतंच. दोन्हींची माहितीपत्रकं त्यानं मोबाइलवर पाठवली आणि फोन केला.

"बाबा, तुमीच सांगा आता. मले दोन्ही चांगल्या वाटून राहिल्या."

"मी पंपाचे इंजिन खोलनारा मानूस. मले त्या गाडीतलं काय समजते?"

"समजते तुमाले. शोरूमवाला निस्ता रंग सांगते. काळी घ्या म्हन्ते, काळी शोभून दिसते."

"मंग त्यालेच विचार, चिखलात कोनता रंग शोभते."

तो हसला, पण मी चष्मा लावून बसलो. तुला माहीत आहे, शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही; जे काही आलं ते किराण्याच्या पुड्या वाचून आणि इंजिनं खोलून. आठ दिवस मी ती पत्रकं वाचली. चार चाकांच्या गाडीचं तंत्र असं आहे, की एरवी ती पुढच्याच चाकांवर चालते. पुढची चाकं घसरायला लागली, की आपोआप मागच्या चाकांना ताकद जाते. चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही, असं त्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ते वाचून मी पत्रक खाली ठेवलं. काही करावं लागत नाही म्हणजे काही कळतही नाही. चाक घसरलं हे माणसाला समजायच्या आधी गाडी सावरून घेते, आणि माणूस पुढे जात राहतो.

उन्हाळ्यात, धरणाचं पाणी उतरलं होतं तेव्हा, तो नागपूरच्या मित्राची तसलीच गाडी एक दिवसासाठी मागून घेऊन आला. खरंच दारात आणून उभी केली, बा. कोंबड्या पळाल्या. मला पुढं बसवलं, पट्टा लावला आणि म्हणाला, "चला, जुन्या गावाकडं जाऊ." उन्हाळ्यात आपल्या गावाचा डांबरी रस्ता पाण्यातून वर येतो. काळा, शेवाळलेला, दोन्ही बाजूंना वाळलेली बाभळीची खोडं. पुढे तो परत पाण्यात शिरतो. मी म्हटलं, "धुऱ्यापर्यंतच." तो म्हणाला, "पाहा तं खरं." धुरा मागे पडला. रस्ता संपून गाळ लागला तरी आत काही जाणवेना. वरून सुकलेला, भेगाळलेला गाळ, पोळीच्या पापुद्र्यासारखा, आणि खाली लोणी. मला टायर आठवत होते. टायर साधे, हायवेचे, गुळगुळीत. चारही चाकांना ताकद देशील बाबा, पण पकडायला नखं कुठं आहेत? मी तोंड उघडेपर्यंत गाडी जराशी डुलली आणि पोटावर बसली. चारही चाकं आपापल्या जागी फिरत राहिली. पाणी तिथून वीस हातांवर होतं. फार शांत होतं. समोरच्या पडद्यावर आकडा दिसत होता, टाकीत अजून सहाशे चाळीस किलोमीटरचं तेल आहे म्हणून.

"रायपूरले जाऊन वापस येता येते, बाबा," तो म्हणाला आणि हसला. मी हसलो नाही. ज्या जागी आम्ही बसलो होतो तिथून खाली उतरत गेलं, तर तुझा घाट लागतो.

गावठाणातला ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन आला. लांबूनच ओरडला, "काका, गाडी धुवाले आनली का जी?"

पोरगा म्हणाला, "चारही चाकं ओढते भाऊ ही."

"दिसूनच राहिलं ना! दोन चाकाची असती तं थे तिकडं धुऱ्यापाशीच फसली असती. दोघं जनं धक्का मारून काहाडली असती. हिनं तं लयच दूर आनलं तुमाले." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाला, "काका, अजून दोन गाडी लांबी पुढं गेले असते, तं मी ट्रॅक्टर नसता घातला आत. खरं सांगतो."

तेव्हापासून मला तू रोज दिसतोस. बोलताना नाही, थांबताना. पैलतीरी माणसं नेताना तू नदीच्या मधल्या खडकापाशी डोंगा टेकवायचास आणि डब्यानं आतलं पाणी उपसायचास. आत पाणी नसलं तरी उपसायचास. लोक चिडायचे. बाजाराला उशीर होतो म्हणून एका बाईनं तुला एकदा टोपलीतली वांगी मारलेली मी पाहिली आहेत. तू ती उचलून घरी आणलीस आणि मायला म्हणालास, "भाडं मिळालं." पुष्कळ वर्षांनी मला समजलं, की उपसताना तुझी नजर डोंग्यात नसायचीच. ती वरच्या अंगाला असायची. फेस येतो आहे का, काडीकचरा वाहतो आहे का, पाण्याचा रंग कुठून बदलतो आहे. वरून येणारा पूर तू तिथं थांबून पाहायचास.

बावीस वर्षांचा मी भंडाऱ्याला पंपाच्या दुकानात कामाला लागलो, आणि मला अक्कल आली. डोंगा गळतो, पावसाळ्यात चालत नाही, मी चार-चार महिने घरी येऊ शकत नाही. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे पत्र्याची नाव पाहिली. उंच काठांची, रुंद, थेंबभर न गळणारी. सुट्टीत घरी येऊन मी तुला सांगितलं. तू जेवत होतास, मायनं वाढलेला झिंग्यांचा रस्सा भातावर ओतत होतास. मी तिचे गुण सांगत गेलो, तू ऐकत गेलास. शेवटी म्हणालास, "इले काहीच होत नाही म्हन्तेस. मंग हे मले थांबवीन कवा?"

"थांबाचं कायले, बा?" मी म्हणालो. "पुरातबी चालते. मले न्याले येता येईल तुले."

माय म्हणाली, "येईल तं पोरगं घरी. घेऊन टाका." तू रश्श्याकडे पाहत राहिलास. मला वाटतं, तुलाही मी घरी यायला हवा होतो. तू हो म्हणालास.

ते पुढचं मी तुला सांगायची गरज नाही, पण मी कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून एकदा लिहितो. पोळ्याचा आदला दिवस आहे. दुपार आहे, ऊन पडलं आहे. मी भंडाऱ्याच्या बाजूच्या काठावर उभा आहे, हातात बैलांसाठी घेतलेल्या घुंगरमाळा. नदी भरलेली आहे, पण तिच्यावर ऊन चमकतं आहे, म्हणून भीती वाटत नाही. तू पलीकडून निघाला आहेस. नाव सरळ येते आहे, डोंगा कधीच इतका सरळ आला नाही. मधल्या खडकाचं टोक अजून पाण्यावर आहे. तू तिथं थांबत नाहीस. थांबायला काही कारणच नाही, आत पाणी नाही. तू मला पाहून हात वर करतोस, डावा. वरच्या अंगाला पाण्याचा रंग बदललेला मला दिसतो, तुला नाही. मी ओरडतो. तू समजतोस, मी हाक मारतो आहे, आणि आणखी जोरात वल्हं मारतोस.

चौथ्या दिवशी नाव पवनीच्या अंगाला सापडली. तिला एक पोचा नव्हता.

घरात मी पोराला सांगत आलो, की आजोबा तापानं गेले. आता त्याला कसं सांगू, की मी एकदा आपल्या माणसासाठी अशीच चांगली वस्तू निवडली होती? तो पुण्याहून निघेल. आज तेलासाठी तीनदा थांबतो, तेव्हा निदान उतरतो तरी. तोंडावर पाणी मारतो, चहा पितो, टायरकडे बघतो, आकाशाकडे बघतो, मला फोन करतो. पुढं लाखो रुपयांची थंडगार खोली दहा-बारा तास सरळ धावणार, आणि तिला कुठं थांबावंसं वाटणार नाही. मग संध्याकाळच्या पावसात गावठाण ओलांडून तो धुऱ्यावर येईल. जुनी गाडी गावठाणातच हात जोडायची. ही जोडणार नाही.

काल त्याचा फोन आला. भाताची रोवणी चालू होती, मी बांधीत उभा होतो, पाय पोटरीपर्यंत गाळात.

"बाबा, आज सांगाच. शोरूमवाल्याले कळवाचं हाय. कोनती?"

मी विचारलं, "दोन चाकाची घेतली तं?"

"तं पावसाळ्यात मंग नाही जमनार. दसऱ्यालेच येईन पहिल्यासारखा." मग तोच म्हणाला, "दुसरी घेतली तं पोळ्यालेच येतो ना बाबा. पानी असो का काही असो. तुमी एकटे राहता तिकडं, मले इथं जेवन जात नाही."

माझ्यापाशी तेव्हा तिसरं उत्तर होतं, बा. पोरा, कोणतीच घेऊ नको, मी येतो पुण्याला तुझ्याजवळ राहायला. एवढंसं वाक्य. ते म्हटलं असतं तर कोणाला कुठून कुठं यायचं कामच नव्हतं. बांधीतल्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. एक म्हणाली, "काका, पोरगा येते का पोळ्याले?" मी मान हलवली, हो म्हणून. मग फोनमध्ये म्हणालो, "चार चाकाची घे."

त्याला इतका आनंद झाला, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

हे पत्र टाकायला कुठं पेटी नाही, ते मला माहीत आहे. घडी करून ठेवीन. पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण सगळ्यांना मी सांगतो आहे, की पोरानं हट्ट केला म्हणून. हट्ट त्याचा नव्हता. मला तो पावसाळ्यात यायला हवा होता, एवढंच खरं.

पोळ्याला बावीस दिवस राहिले आहेत. अजून फोन करता येतो. काय करू ते लवकर लिही, बा. लवकर लिही.