दादाचे तळहात

वाशी, ११ डिसेंबर १९८३

प्रिय दादा,

इतके दिवस गप्प राहिले, रागावू नकोस. तुझ्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली, मी पुन्हा कॉलेजात शिकवायला जाऊ लागले. रोज वही उघडायची आणि मिटायची, एवढंच चाललं होतं. ‘दादा गेला’ हे माझ्याच अक्षरात बघायची हिंमत होत नव्हती.

आज लिहितेय, कारण दुपारी तुझ्या घरी तळवलीहून एक म्हातारी आली. ज्या डंपरखाली तू सापडलास, त्याच्या ड्रायव्हरची आई. मी वहिनीपाशीच बसले होते. म्हातारी आत यायला तयार नव्हती, उंबऱ्याबाहेरच टेकली.

“बाई, माझा पोऱ्या दारू पीत नाय. तो सांगतं, मानूस आदीच परलेला व्हता. वलनावर दिसलाच नाय. त्याचा कोन आयकतच नाय!”

वहिनी शांतपणे म्हणाली, “तुमचा मुलगा जिवंत आहे ना? मग जा घरी.” आणि दार लावलं. मग माझ्याकडे वळली. “ताई, त्याला सोडायचं नाही. यांचं काम तुम्ही जवळून बघितलंय. चौकीत तुम्हीच जखमांवरून सांगा, त्यानं कसं उडवलं ते.”

मी ‘हो’ म्हटलं. मनापासून म्हटलं. इतके दिवस मलाही तो माणूस तुरुंगातच हवा होता.

पण ‘आदीच परलेला’, आधीच पडलेला, हे शब्द जिना उतरताना माझ्याबरोबर आले.

दादा, तुझं काम मी किती जवळून बघितलं होतं! इंजिनिअरिंग करून तू कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात शिरलास, तेव्हा आई म्हणाली होती, “एवढं शिकून लाकडाचे पाय तासणार?” त्या पायांवरून तू हाडांकडे वळलास, आणि हाडांवरून अपघातांकडे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत कुणाचा हात मशीनमध्ये गेला की सुपरवायझर म्हणायचा, “कामगार बेसावध होता.” तू त्या मशीनपुढे स्वतः उभा राहायचास, वाकायचास, आणि दाखवायचास की इथे सावध माणसाचाही हात तिथेच जातो. कोर्टात एका वकिलानं तुला टोमणा मारला होता, “तुम्ही डॉक्टर की इंजिनिअर?” तू म्हणालास, “दोघांनी टाकलेलं काम करणारा.” न्यायाधीशही हसले होते म्हणे.

आणि घरी पडायचं काम माझं! स्टुलावरून, पायरीवरून, उभ्या उभ्या, गादीवर धपकन. “शाले, पुन्हा पड. या वेळी ठरवून पडू नकोस.” अरे, ठरवल्याशिवाय कसं पडायचं? त्या गादीवरच तू मला शिकवलंस की उभ्या माणसाला गाडी धडकली तर आधी पाय बोलतात. नडगी मोडते, निदान सोलवटते तरी. आणि शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे टाकतोच. तळहात खरचटतात, मनगट जातं.

तुझी ओळख पटवायला मलाच शवागारात नेलं होतं. छातीकडे बघवेना, म्हणून मी तुझे पाय बघत राहिले, मग तुझा हात हातात घेतला. तुझ्या पायांवर ओरखडाही नव्हता. तळहात स्वच्छ होते. दोन्ही. खडीच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाचे!

हे मला आज दुपारी कळलं, दादा. बघितलं होतं तेव्हाच, कळलं आज. भर रस्त्यात मी उभीच राहिले. मागून रिक्षावाला ओरडला, “ओ मावशी, मरायचंय का?”

मग मीच माझी उलटतपासणी घेतली. हातात काही असेल का? पिशवी खांद्याला होती. खिशात हात? तुला सवय नव्हती. तरी खात्री वाटेना. खोलीवर आले, गादी जमिनीवर टाकली, हात मागे बांधल्यासारखे धरले आणि ठरवलं, काही झालं तरी पुढे आणायचे नाहीत. पडले. हात माझ्याआधी गादीवर पोचले! पुन्हा पडले, पुन्हा तेच. खालच्या मजल्यावरून हाक आली, “मॅडम, काय पडलं?” मी म्हटलं, “मीच.” “टेन्शन दिलंत की!”

म्हणजे तू पडलास तेव्हा शुद्धीत नव्हतास. डंपर नंतर आला.

गणपतीत सोसायटीचा जिना चढताना तू मध्येच बसलास, म्हणालास, “चपलेचा अंगठा सैल झालाय.” चप्पल चांगली होती, दादा. जगाच्या हाडांची चौकशी करणाऱ्या माणसानं स्वतःची चक्कर चपलेवर ढकलावी? डॉक्टरकडे गेला होतास का? वहिनीला माहीत होतं? की तूही तुझ्याबाबतीत आमच्यासारखाच साधा, घाबरट माणूस होतास?

चक्कर का आली, मला माहीत नाही. ते मी सांगणारही नाही. तुझा नियमच होता, जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं. पण जे दिसलं ते गिळायचं कसं? वहिनीजवळ आता फक्त तिचा राग उरलाय. त्याच्या आधारानं ती सकाळी उठते. तो मी काढून घेतला, तर ती कशावर उभी राहील? आणि नाही काढला, तर तळवलीचा एक मुलगा तुझ्या नावानं आत जाईल. तू आयुष्यभर ज्यांच्यासाठी मशीनपुढे उभा राहिलास, त्यांच्यातलाच एक.

मी चौकीत जे बघितलं तेच सांगेन, दादा. नडगी आणि तळहात. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. वहिनी माझ्याशी बोलायची थांबली तरी तिच्या दारात जात राहीन. हे वचन समज.

तुझी,
शालू

उद्या: चौकीत जाण्याआधी वहिनीला सांगणे.