मुकादमाची शाब्बासकी

मंगळवार, ता. ४

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोहण्याच्या स्पर्धेत तू शिकवतेस त्या पोरींनी सगळी बक्षिसं लुटली, हे बाबांनी मला जेवताना दोनदा सांगितलं आणि मग इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन पुन्हा सांगितलं. मी तेव्हा हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होते. त्या चादरींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता इकडचं. बाबा त्यांचं घर सोडून आमच्याकडे राहायला आले आणि सोबत त्यांचा कुत्राही आला, हे तुला ठाऊकच आहे. बाबांच्या सुतारकामावर दिवसभर नजर ठेवून बसायचा म्हणून त्याचं नाव मुकादम. तिकडे त्याला अख्खं अंगण होतं, मनाला येईल तिथे पाय वर करायचा. इथे वर दोन खोल्या आणि खाली लाँड्री. साहेबांनी जिन्यात केलं, आमच्या पलंगाच्या पायाशी केलं, आणि परवा तर धुऊन घडी घातलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर केलं. धोब्याचं कुत्रं ना घरचं ना घाटाचं म्हणतात. आमचं दोन्हीकडचं आहे, दोन्हीकडे करतं.

यांनी हात टेकले. हे म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर कुत्रा धाकटीकडे. त्यावर बाबा शांतपणे म्हणाले, मग माझीही पेटी बांधा. म्हणजे कुत्र्यापाठोपाठ बाबाही तुझ्याकडे. आणि एकदा तुझ्याकडे आले की ते परत यायचे नाहीत, मी काय आज ओळखते का त्यांना. वर मलाच ऐकवतात, धाकटी असती तर आठवड्यात शिकवला असता, तिला कळतं. तेव्हा तुला जे काही कळतं ते लिही. मी हौसेने विचारत नाहीये, नाइलाज आहे.

लोभ आहे तेवढा पुरे.
तुझी ताई


सोमवार, ता. १०

ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझा नाइलाज वाचून हसू आलं. तू लहानपणी माझी पेन्सिलसुद्धा अशीच मागायचीस.

कुत्र्याचं सोपं आहे. जेवला की आणि झोपून उठला की लगेच खाली न्यायचं, रोज त्याच जागी. घरात केलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. त्याने तो फक्त लपून करायला शिकतो. डाग असा धुवायचा की वास राहता कामा नये, ते मी तुला काय सांगणार. आणि बाहेर केलं की त्याच क्षणी, तिथेच, तोंडभरून शाब्बास म्हणायचं. माझ्याकडे पोरं पाण्यात पहिल्यांदा नीट हात मारतात तेव्हाच ओरडून शाब्बास म्हणावं लागतं. काठावर आल्यावर म्हटलं, तर त्यांना वाटतं पाण्याबाहेर आलो म्हणून मिळाली.

आता माझंही ऐक. बाबांनी घर सोडलं तेव्हा मी गाडी घेऊन दारात उभी होते. त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. ते म्हणाले, थोरलीकडे जातो, तिचं घर म्हणजे घर. मी गाडी रिकामी घेऊन परत आले. खोली अजून तशीच बंद आहे. म्हणून मुकादम इकडे आला तर मला वाईट वाटेल, असं खोटं कशाला लिहू? तरी वर जे सांगितलं त्यात हातचं काही राखलेलं नाही.

लोभ ठेव, निदान उसना.
धाकटी


शुक्रवार, ता. १४

चि. धाकटीस, आशीर्वाद.

खोली रंगवलीस हे मला कुणीच बोललं नव्हतं. रंग कुठला ते सांगू नकोस, ऐकायचा नाही.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मुकादमाला मागच्या बोळातल्या खांबापाशी नेऊ लागले. पहिल्या दिवशी त्याने केलं, पण शाब्बास म्हणायला माझी जीभ रेटेना. आपल्या घरात कोण कुणाला म्हणालंय कधी? मी नुसतं बरं म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, अर्ध्यावरच थांबला, आणि उरलेलं वर येऊन दारात केलं. मग मी लाज सोडली. आता बोळात उभी राहून मोठ्याने म्हणते, गिऱ्हाइकं वळून बघतात. माझ्या फेरीला तो आता चुकत नाही.

पण सकाळची फेरी बाबांची. ते खांबापाशी अवाक्षर काढत नाहीत आणि वर येऊन मला सांगतात, केलं हो त्याने, गुणी आहे. मला सांगून मुकादमाला काय कळणार? मी म्हटलं, त्याला सांगा, तिथल्या तिथे. तर म्हणाले, लाकूड आणि लेकरं, दोन्ही ओल लागली की फुगतात, म्हणून तोंडावर चांगलं म्हणू नये. झालं, आज पुन्हा एक गठ्ठा भिजला. यांनी तो उचलून पुन्हा यंत्रात टाकला. बाबांनीच आपली पेटी पलंगाखालून ओढून पुसून ठेवली.

आणखी एक. बाबा तुला लिहितात ते पाकीट चिकटवूनच माझ्या हातात देतात. आत माझ्या कागाळ्या असणार. त्यातलं एक पत्र मला पाठव, कळू तरी दे.

लोभाचं पुढच्या पत्री बघू.
ताई


बुधवार, ता. १९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र पाठवणार नाही. तुझ्याकडे बाबा आहेत, माझ्याकडे त्यांची पत्रं. वाटणी झाली.

पण कागाळ्या म्हणालीस म्हणून सांगते. प्रत्येक पत्रात तूच असतेस. थोरलीच्या हातची घडी चौघांनी ओढली तरी मोडत नाही. थोरलीने नवं यंत्र एकटीने बसवून घेतलं. थोरलीकडे बघून शीक. स्पर्धेचं मी कौतुकाने कळवलं, तर उत्तर आलं की थोरलीला मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. तो कागद मी चुरगाळला होता, मग पुन्हा हाताने सरळ केला. मागे एकदा तर तुझ्यावर इतकी जळले होते की महिनाभर पत्र टाकलं नाही, आठवतं का? आणि आता तू लिहितेस की माझी स्पर्धा त्यांनी तुला तीनदा सांगितली. म्हणजे माझी शाब्बासकी तुझ्या घरी पडून आहे आणि तुझी माझ्या घरी.

बाबांना सांग की मुकादम लाकडाचा नाही. पुढच्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे असं त्यांनी लिहिलंय, ते झालं की कळव.

लोभ काय, चुलत बहिणीही करतात. तू जरा जास्त कर.
धाकटी


गुरुवार, ता. २७

चि. धाकटीस, आशीर्वाद.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्याला पट्टी आहे, दुसऱ्याने धूसर दिसतं, लिहायला-वाचायला बंदी. त्यांच्या पत्रांबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. कागदावर काय, काहीही लिहिता येतं. माझ्या डोळ्यांनी पाहीन तेव्हा खरं.

पट्टीमुळे सकाळी आता मीही बाबांचा हात धरून खाली जाते. परवा मुकादमाने पाय वर केला. बाबांना दिसेना, मला विचारलं, केलं का? मी म्हटलं, केलं, बोला आता, नाहीतर पेटी बांधा. त्यांनी खाकरून घेतलं, बोळात कुणी आहे का ते विचारलं, मग चाचपत वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, शाब्बास रे माझ्या वाघा. कुत्रा असा नाचला की दोरी माझ्या पायांत गुंडाळली. तेव्हापासून बाबा रोज म्हणतात आणि घर कोरडं आहे. पेटी पलंगाखाली गेली. हे मुकादमासाठी बिस्किटं घेऊन आले.

म्हणजे जिंकले मीच. पण धाकटे, माझं तोंड कडू झालंय. एका खोलीतून मी एवढी लाँड्री उभी केली, हाताला इस्त्रीचे चटके आहेत, आणि शाब्बास मिळाली ती कुत्र्याला, तीही मुतल्याबद्दल. वाघ म्हणे. मला कधी शेळीसुद्धा म्हणाले नाहीत. त्यांचं कोपर धरून मी शेजारीच उभी होते. कुत्र्यावर जळायची वेळ आली, आता बोल.

लोभ असू दे, इथे त्याचा तुटवडा आहे.
ताई


रविवार, ता. ३०

चि. धाकटीस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

पट्टीमुळे हे पत्र थोरलीकडून लिहवून घेतो आहे. दोन दिवस टाळलं, कारण तुला लिहायचं ते नेहमीचंच, आणि ते हिच्यासमोर कसं बोलावं. पण आता कुत्र्याला म्हणून झालंय, तेव्हा जिभेला थोडी सवय आहे.

तर, मुकादमाला थोरलीने शिकवलं. मला ते जमलं नसतं. हिचं काम मी रोज बघत आलोय. चादरीच्या कोपऱ्याला कोपरा असा बसवते की उभ्या जन्मात मला इतका नेमका सांधा लावता आला नाही. इथे ही थांबली आणि खरंच लिहू का विचारते. मी म्हटलं, सांगतो ते लिही. मग तो सांध्याचा भाग तिने मला पुन्हा सांगायला लावला. ऐकू आलं होतं तिला.

तू खोली रंगवलीस हे हिच्याकडून कळलं. मी विचारायला हवं होतं. पट्टी निघाली की मी आणि मुकादम येतो. स्पर्धेबद्दल जे म्हणायचं ते तुझ्यासमोर उभा राहून म्हणेन. मुक्काम चारच दिवस, असं थोरली लिहायला लावते.

दोघी एकमेकींना धरून राहा, माझा लोभ आता तोंडावर यायला भीत नाही.
बाबा

ता. क. खोलीचा रंग कुठला ते कळव. आणि तुझ्या हातात आहे ती नक्कल. बाबांनी चाचपत सही केलेलं मूळ पत्र माझ्या कपाटात आहे, पलंगपोसांच्या घडीखाली. वर नाव तुझं आहे, मान्य. तरी मागू नकोस, मिळायचं नाही.
ताई